प्रकल्पाची नावनिशी

महोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागावयास मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही जुन्या आठवणी लिहाव्यात अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु आठवणी सांगणारे अधिकारी लेखक आपल्यात पुष्कळ आहेत. आम्ही गेली काही वर्षे अशोका गार्डनमध्ये रविवारी सकाळी आपल्या मुलामुलींना संगणकाचे चार धडे देतो. तेव्हा आमच्या पोतडीतून निघावयाचा तो धडाच. शिवाय हा धडा आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. ट्रस्टच्याच कामात आमच्या हातून एक चूक घडली, तिने तो शिकवला. आणि चुकीची कबुली द्यावयाची तर घरच्या माणसांइतके समजूतदार श्रोते दुसरे कोठे मिळणार?

विषय असा आहे. संगणकाचा प्रोग्रॅम एका फायलीचा क्वचितच असतो. अनेक फायली मिळून तो बनतो. त्यांतील कोणत्या फायली त्या प्रकल्पाच्या आणि कोणत्या नुसत्या शेजारी पडलेल्या, हे संगणकाला कोण सांगते व कसे सांगते? प्रोग्रॅम लिहिणे, तपासणे व चालवणे ही तिन्ही कामे ज्या एकाच साधनात होतात त्यास आयडीई म्हणतात, आणि ही नावनिशी ठेवण्याचे काम त्या आयडीईतच करावयाचे असते. प्रश्न किरकोळ वाटेल. म्हणून आधी घडलेली गोष्ट सांगतो.

एका मुलीचे नाव

आपला ट्रस्ट दरवर्षी काही विद्यार्थ्यांच्या फीला हातभार लावतो, हे सभासदांस ठाऊक आहेच. त्याची यादी पूर्वी वहीत होत असे. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील मुलांनी त्या कामासाठी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. नव्या अर्जांची एक फाइल, आणि ज्यांना गेल्या वर्षी मदत मिळाली व यंदाही ती चालू ठेवावयाची, अशांची दुसरी फाइल. प्रोग्रॅमने दोन्ही वाचावयाच्या, रकमा जुळवावयाच्या आणि पत्रे छापावयाची. आमच्या घरच्या संगणकावर सारे बिनचूक चालले. मग तो प्रोग्रॅम आम्ही कार्यालयातील संगणकावर नेऊन बसवला, पत्रे छापली, त्यांवर सह्याही झाल्या.

चार दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, एक बाई आमच्या दाराशी आल्या. म्हणाल्या, "काका, पत्र आलं नाही हो अजून. पोरीच्या फीची तारीख सोमवारची आहे. गेल्या वर्षी तर तुम्हीच घरी आणून दिलं होतंत."

आम्ही मोठ्या विश्वासाने सांगितले, "ताई, यंदा यादी संगणकानं केली आहे. तीत चूक व्हायची नाही. येईल पत्र."

हे वाक्य आठवले की आजही आम्हांस ओशाळल्यासारखे होते. त्या गेल्यावर मनाला चैन पडेना, म्हणून यादी काढून पाहिली. तो त्या मुलीचेच काय, मदत चालू ठेवावयाच्या विद्यार्थ्यांपैकी एकाचेही नाव तीत नव्हते!

ती दुसरी फाइल गेली कोठे? कोठेच गेली नव्हती. आमच्या घरी ती प्रकल्पाच्या फोल्डरात नीट बसून होती. चाचणीच्या दिवशी तिची एक प्रत आम्ही तयार प्रोग्रॅमच्या शेजारी हाताने नेऊन ठेवली होती, म्हणून घरी सगळे जुळत होते. पण प्रकल्पाच्या नावनिशीत तिची नोंद करावयाची राहिली होती. प्रोग्रॅम बांधून कार्यालयात गेला तेव्हा नोंदलेल्या फायली त्याच्यासंगे गेल्या, आणि ही मागे राहिली. त्यात भर म्हणजे, एखादी फाइल सापडली नाही तर ती रिकामी समजून पुढे जावे, अशी सूचना मुलांनी प्रोग्रॅममध्ये लिहिली होती व आम्ही ती पाहून मान डोलावली होती. प्रोग्रॅम सूचनेबरहुकूम पुढे गेला. त्याने हूं की चूं केले नाही.

रविवारी वर्ग झाला नाही. विश्वस्तांना घरी गाठून सह्या घेतल्या आणि मुलांना बरोबर घेऊन पत्रे व धनादेश आम्ही घरोघर पोचवले. सोमवारी फी भरली गेली. पण त्या बाई शनिवारी आल्या नसत्या तर? संकोची माणसे मागावयास येत नाहीत. पत्र आले नाही, म्हणजे यंदा आपल्याला नाही म्हटले, असे समजून गप्प बसतात. हा विचार मनात आला म्हणून हा लेख लिहावयास घेतला.

कारखान्यातील पार्ट-लिस्ट

भोपाळच्या माणसाला ही गोष्ट समजावून देणे अवघड नाही. १९५६ साली भोपाळ राजधानी झाले, त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी स्थापन झाली आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी येथील कारखाना पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाला. पुढे १९७४ साली ती कंपनी भेलमध्ये विलीन झाली. सरकारी कचेऱ्यांच्या व या कारखान्याच्या निमित्ताने पुष्कळ मराठी घरे येथे आली व येथलीच झाली. अशोका गार्डनच्या जवळच गोविंदपुऱ्याची औद्योगिक वसाहत आहे. तेथील यंत्रांवर ज्यांनी आयुष्य घालवले ते आमच्याहून चांगले जाणतात, की यंत्राच्या ड्रॉइंगबरोबर एक पार्ट-लिस्ट असते. प्रत्येक भागाचा क्रमांक, नाव, धातू व नग तीत लिहिलेले असतात. स्टोअरमध्ये हजार बोल्ट पडलेले असोत; त्या यंत्राचे बोल्ट किती व कोणते, हे स्टोअर ठरवीत नाही, पार्ट-लिस्ट ठरवते.

येथे चूक दोन प्रकारची होऊ शकते. यादीत नाव आहे पण वस्तू स्टोअरमध्ये नाही, हा पहिला प्रकार. त्यात फिटर ताबडतोब ओरडतो आणि काम थांबते. वस्तू स्टोअरमध्ये आहे पण यादीत नाव नाही, हा दुसरा प्रकार. त्यात कोणी ओरडत नाही. यंत्र त्या वस्तूवाचून जुळते आणि रंग देऊन बाहेर पडते. प्रोग्रॅमचेही तसेच आहे. नोंदलेली फाइल जागेवर नसेल तर आयडीई बांधणी करतानाच तक्रार करते व आपण ती पाच मिनिटांत दुरुस्त करतो. न नोंदलेल्या फायलीबद्दल मात्र तिला तक्रार करण्याचे कारणच नसते. आमची चूक या दुसऱ्या जातीची होती, आणि दोहोंत तीच अधिक घातकी.

नावाने बोलावणे आणि सहकुटुंब बोलावणे

फायली प्रकल्पात घेण्याच्या रीती मुख्यतः दोन आहेत, व त्या आपल्या लग्नातील आमंत्रणासारख्या आहेत. एक रीत प्रत्येकास नावाने बोलावण्याची; दुसरी 'सहकुटुंब, सहपरिवार' असे एकदाच लिहून मोकळे होण्याची.

पहिली रीत जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली मेक नावाचे साधन तयार केले. त्याच्या मेकफाइलमध्ये कोणती फाइल कोणत्या फायलींपासून बनते, हे लिहून द्यावयाचे असते. १९८७ साली टर्बो सी आले. आपल्यापैकी जे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकले त्यांना त्याचा निळा पडदा अजून आठवत असेल. एकाहून अधिक फायलींचा प्रोग्रॅम करावयाचा तर तेथेही पीआरजे नावाची एक फाइल करून तीत सगळी नावे द्यावी लागत. आम्ही वर्गात वापरतो त्या व्हिज्युअल स्टुडिओतही, सी शार्प भाषेच्या जुन्या धाटणीच्या प्रकल्पात, सीएसप्रोज या प्रकल्प-फायलीत एकेका फायलीचे नाव असते. आमचा प्रकल्प याच धाटणीचा होता.

या रीतीचा गुण असा, की जे लिहिले तेच येते, आगंतुक कोणी घुसत नाही. दोष असा, की यादी लिहिणाऱ्याला विसर पडला म्हणजे एखादी आत्याबाई राहून जाते, आणि त्याचा उलगडा मांडव उतरल्यावर होतो. शिवाय दोघांनी एकाच दिवशी यादीत नावे घातली तर दोन याद्या जुळवताना भांडण होते ते वेगळेच.

दुसरी रीत नियमाची. 'या फोल्डरातील व त्याच्या पोटातील सगळ्या सी शार्प फायली' असे एकदा ठरवून दिले की झाले. व्हिज्युअल स्टुडिओच्या २०१७ च्या आवृत्तीपासून जी नवी धाटणी आली, तीत सी शार्प फायलींना हाच नियम गृहीत धरलेला असतो. नको असलेली फाइल तेवढी नाव घेऊन वगळावयाची. आत्याबाई आता राहत नाहीत, हे खरे. पण कोणी प्रयोगासाठी लिहिलेली अर्धवट फाइल, किंवा 'जुनी प्रत' म्हणून ठेवलेली फाइलही सहपरिवार पंगतीला बसते. मग एकच नाव दोन ठिकाणी सापडते आणि बांधणी मोडते, किंवा नको ते आत जाते.

सी व सी++ भाषांच्या प्रकल्पांसाठी सीमेक हे साधन फार वापरतात. त्यात दोन्ही रीती शक्य आहेत. परंतु मूळ फायली नियमाने गोळा करू नयेत असा सल्ला त्याच्या माहितीपुस्तिकेतच दिलेला आहे. कारण समजण्याजोगे आहे. सीमेक आपली यादी वाचून पुढच्या बांधणीची योजना तयार करून ठेवते. यादीत नाव वाढवले की यादीची फाइल बदलते, आणि योजना नव्याने करावयास हवी हे त्यास कळते. नियम लिहिला असेल तर फोल्डरात नवी फाइल आली तरी नियमाचे अक्षर बदलत नाही. म्हणून जुनीच योजना चालू राहते आणि नवी फाइल बाहेर राहते. 'सहकुटुंब' म्हणून बोलावले, पण घरात नवी सून आली हे यजमानास कळलेच नाही, तसा हा प्रकार.

मग कोणती रीत चांगली? आम्ही मुलांना सांगतो, की ज्या साधनाची जी सवय आहे ती धरावी, पण ती कोणती हे पहिल्या दिवशी विचारून घ्यावे. घोटाळा रीतीने होत नाही. एक रीत चालू असता दुसरी चालू आहे असे समजल्याने होतो.

नाव घातले, आता काम सांगा

चूक सापडली त्या रात्री आम्ही ती फाइल नावनिशीत घातली, प्रोग्रॅम पुन्हा बांधला आणि निश्चिंत मनाने तयार प्रोग्रॅमचे फोल्डर उघडले. फाइल तरीही तेथे नव्हती! नोंद झाली होती, पण तिने काय करावयाचे हे सांगितले नव्हते. व्हिज्युअल स्टुडिओत प्रत्येक फायलीपुढे तिचे काम लिहिता येते: ही भाषांतर करून प्रोग्रॅममध्ये मिसळावयाची, ही जशीच्या तशी बरोबर न्यावयाची, हिचे काहीच करावयाचे नाही. तयार प्रोग्रॅमच्या फोल्डरात प्रत न्यावी की नाही, याचा पर्यायही निराळा असतो, आणि साध्या मजकुराच्या फायलीसाठी तो मुळात 'नेऊ नये' असाच असतो. तो बदलला तेव्हा गाडी रुळावर आली. सभासद-यादीत नाव आहे, पण वर्गणीदार की विश्वस्त की स्वयंसेवक ते लिहिलेले नाही, अशी ती स्थिती होती.

इंटेलिजे आयडिया या दुसऱ्या प्रसिद्ध आयडीईत हाच भेद रंगांनी दाखवतात. मूळ प्रोग्रॅमचे फोल्डर निळे, चाचण्यांचे हिरवे आणि वगळलेले नारिंगी. वगळलेल्या फोल्डरात ती शोधही घेत नाही आणि नावेही सुचवीत नाही. 'नाव सुचत का नाही' म्हणून एखादे मूल हैराण झाले, तर आम्ही आधी फोल्डराचा रंग पाहावयास सांगतो.

वगळण्याविषयी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. व्हिज्युअल स्टुडिओत 'प्रकल्पातून वगळा' म्हटले तर फाइल डिस्कवर तशीच राहते, 'डिलीट' म्हटले तर डिस्कवरूनही जाते. दोन्ही पर्याय एकाच मेनूत असतात, तेव्हा हात सांभाळावा. दुसरी गोष्ट टाइपस्क्रिप्ट भाषेतील आहे. तेथे टीएसकॉन्फिग नावाच्या फायलीत काय घ्यावे व काय वगळावे हे लिहितात. परंतु वगळलेल्या फायलीला आत असलेल्या एखाद्या फायलीने आपल्या कामासाठी बोलावले, तर ती आत येतेच. वगळण्याची ओळ नियमाने गोळा होणाऱ्यांपुरती असते. घरच्याच माणसाने हात धरून आणलेल्या पाहुण्याला ती अडवीत नाही.

यादीत मराठीचे नाव

हा विषय आपल्या भाषेलाही येऊन भिडतो. लिनक्सच्या संगणकांवर ग्नोम नावाचे पडदे व मेनू दाखवणारे एक मुक्त साधन आहे. १९९७ साली त्याचे काम सुरू झाले. जगातील अनेक भाषांत त्याचे अनुवाद आहेत व त्यांत मराठी आहे. प्रत्येक भाषेच्या अनुवादाची एक फाइल असते. मराठीची खूण एमआर, म्हणून फायलीचे नाव एमआर डॉट पीओ.

या व्यवस्थेत दोन याद्या असतात. पॉटफाइल्स नावाच्या यादीत, प्रोग्रॅमच्या ज्या फायलींत अनुवाद करण्याजोगी वाक्ये आहेत त्यांची नावे असतात. एखाद्या फायलीचे नाव तीत घालावयाचे राहिले, तर तिच्यातील वाक्ये अनुवादकापर्यंत पोचतच नाहीत. त्याने शंभर टक्के काम केले तरी त्या मेनूत इंग्रजी शब्द तसेच राहतात, आणि लोक नावे ठेवतात ती अनुवादकाला. लिंग्वास नावाच्या दुसऱ्या यादीत भाषांच्या खुणा असतात. अनुवादाची फाइल फोल्डरात संपूर्ण तयार असली, पण या यादीत एमआर ही दोन अक्षरे नसली, तर मराठी अनुवाद बांधणीत घेतला जात नाही आणि वापरणाऱ्याला मराठी दिसत नाही. कोणाच्या किती रात्रींचे काम त्या दोन अक्षरांवाचून झाकून राहील, याचा वाचकांनीच विचार करावा.

यावर एक चांगली तोड त्या मंडळींनी काढली आहे. यादीतून सुटलेल्या फायली हुडकून दाखवणारी तपासणी त्यांच्याकडे आहे. आणि ज्या फायली जाणूनबुजून सोडल्या त्यांची निराळी यादी ठेवण्याची सोय आहे. त्यामुळे विसरलेली कोणती आणि वगळलेली कोणती हे वेगळे कळते. आपल्या मदतीच्या यादीतही आम्ही आता हेच करतो: ज्यांची मदत यंदा बंद करावयाची, त्यांची नावे कारणासह लिहून ठेवतो. कोणाचेही नाव नुसते नाहीसे होता कामा नये.

जे यादीत नसावे

एवढे सांगितल्यावर कोणी म्हणेल, की मग सगळेच यादीत घालून टाकावे. तसे नाही. आमच्या वर्गातील एका मुलीने पुढे असा प्रश्न काढला, की "काका, प्रकल्प आपण सगळे आपापल्या घरी नेतो, त्यात गरजू मुलांची नावे आणि बँकेचे खाते क्रमांक असलेली फाइल जाणे बरोबर आहे का?" प्रश्न रास्त होता. आम्ही घाईने जी दुरुस्ती केली होती, ती या दृष्टीने नवी चूकच होती.

म्हणून आता प्रकल्पात फक्त खोट्या नावांची नमुना-फाइल असते. खरी फाइल कार्यालयातच राहते व प्रोग्रॅम सुरू होताच तिची जागा विचारतो. ती मिळाली नाही तर 'मदत चालू ठेवावयाच्या विद्यार्थ्यांची फाइल सापडली नाही' असे मराठीत सांगून तो थांबतो. रिकामी समजून पुढे जात नाही. गिट हे साधन प्रकल्पाच्या फायलींचा इतिहास ठेवते. त्याच्या गिटइग्नोर या यादीत खऱ्या फायलीचे नाव घातले आहे, म्हणजे ती चुकून त्यात शिरणार नाही. मात्र जी फाइल आधीच गिटच्या नोंदीत गेलेली आहे, तिला गिटइग्नोर बाहेर काढीत नाही. तेव्हा ही यादी पहिल्याच दिवशी करावी.

शेवटची परीक्षा

प्रकल्पाची नावनिशी पुरी आहे की नाही, हे ज्या संगणकावर तो लिहिला तेथे कधीच कळत नाही, कारण तेथे राहिलेले सर्व काही आसपास पडलेले असते. खरी परीक्षा दुसऱ्या घरी. नोंदलेल्या तेवढ्याच फायली दुसऱ्या संगणकावर न्याव्यात, तेथे बांधणी करावी, आणि येणारे उत्तर हाताने केलेल्या यादीशी नावानिशी ताडून पाहावे. आमच्या वर्गात आता कोणाचाही प्रोग्रॅम, शेजारच्या मुलाच्या संगणकावर चालल्याखेरीज पुरा झाला असे धरीत नाहीत. आणि ट्रस्टच्या यादीपुरती आणखी एक परीक्षा आहे: पत्रे पाकिटात घालण्यापूर्वी गेल्या वर्षीची वही उघडून एकेक नाव मोठ्याने वाचतात. त्या मुलीची आई आता हे वाचन ऐकावयास स्वतः येऊन बसते, आणि एखादे नाव चटकन ऐकू आले नाही तर पुन्हा वाचावयास लावते.

मुलांसाठी स्वाध्याय

१. आपल्या एखाद्या प्रकल्पाचे फोल्डर उघडा. त्यातील प्रत्येक फायलीपुढे 'नोंदलेली', 'वगळलेली' किंवा 'विसरलेली' यांपैकी एक शब्द लिहा.

२. तुमच्या आयडीईत नावाने बोलावण्याची रीत चालते की नियमाची, हे एक रिकामी फाइल घालून शोधून काढा. नंतर ती फाइल काढून टाकण्यास विसरू नका.

३. एक आवश्यक फाइल मुद्दाम दुसरीकडे हलवा आणि प्रोग्रॅम चालवा. तो थांबून सांगतो की गप्प बसून पुढे जातो? गप्प बसत असेल तर पुढच्या रविवारी वर्गात घेऊन या.